बेट आणि बंदर यांच्यातली पाच मिनिटं

नकाशावर त्या दोन गावांमध्ये माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं. जर्मनीच्या अगदी उत्तरेला जमीन संपते आणि चिखल सुरू होतो, चिखल संपतो आणि समुद्र सुरू होतो. तिथे किनाऱ्यावर एक लहान बंदर आणि समोर वाळूचं लांबट बेट. बेटावरही एक गाव होतं. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी तिघांना विचारलं, इथून ते गाव किती लांब? पोस्टातल्या बाई म्हणाल्या, बारा किलोमीटर. बोटीवरचा माणूस म्हणाला, पाणी असलं तर दीड तास, नसलं तर उद्या. आणि बांधामागच्या कुरणात आपल्या छोट्या विमानाची काच पुसत उभा असलेला वैमानिक म्हणाला, पाच मिनिटं.

तिन्ही उत्तरं मी वहीत लिहून घेतली आणि पुढे रिकामी ओळ सोडली. खरं उत्तर मला स्वतःलाच काढायचं होतं.

ही साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी हॅनोव्हरच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आले होते. वडिलांनी परवानगी दिली ती तीन वर्षांची. "चौथं वर्ष मागू नकोस," असं त्यांनी स्टेशनवर सांगितलं होतं, आणि ते एकदा बोलले की पुन्हा बोलायची गरज पडत नसे. शिष्यवृत्तीही तेवढीच होती.

माझा विषय सांगायला सोपा होता. उधाणाची भरती अगदी माथ्यावर आली की त्या पाण्यात मीठ किती आणि गाळ किती, हे मोजायचं. मोजायचं दोन ठिकाणी, बेटाच्या धक्क्यावर आणि समोरच्या बंदराच्या धक्क्यावर, आणि तेही एकाच भरतीला. समुद्राकडून येणारं पाणी वाटेत काय टाकून येतं आणि काय उचलून आणतं, ते या दोन आकड्यांच्या फरकातून कळणार होतं. उधाण म्हणजे काय हे मला शिकवावं लागलं नाही. आईचं माहेर मालवणचं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी पाणी कुठपर्यंत चढतं, हे आम्ही मुलं पायरीवर बसून बघायचो. इथेही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण दुपारच्या सुमारासच येतं हे कळलं, तेव्हा मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

कुणीही विचारेल की मग दोन ठिकाणी दोन माणसं का नाही उभी केली. आमच्या आधी एका विद्यार्थ्याने तेच केलं होतं. दोन माणसं, दोन यंत्रं, आणि शेवटी फरक पाण्यातला की हातांतला हेच कळेना. सगळं काम फुकट गेलं. त्यामुळे प्राध्यापकांचा नियम झाला होता: एक हात, एक यंत्र. यंत्र म्हणजे शिवणयंत्राच्या पेटीएवढी पेटी, आणि संस्थेत ती एकच होती.

बोटीचा उपयोग नव्हता. बंदराची खाडी ओहोटीला कोरडी पडे, म्हणून बोट भरतीच्या माथ्यावरच सुटायची. म्हणजे ज्या वेळी मला धक्क्यावर बाटली बुडवायची, नेमकी त्याच वेळी. बोटीत बसले तर दोन्हीतलं एकच ठिकाण हाती लागणार. भरती बेटावर आधी पोहोचते आणि बंदरात साधारण अर्ध्या तासाने. त्या अर्ध्या तासात मला समुद्र ओलांडायचा होता.

म्हणून विमान. वैमानिक बेटावर टपाल, औषधं आणि कधी एखादा दंतवैद्य नेत असे. विमानात त्याच्याशिवाय तिघं बसायची. विमान भाड्याने घ्यायचं म्हटल्यावर संस्थेत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, पण प्राध्यापकांनी मंजुरी आणली. त्यांच्या खोलीत मला उभं करून ते म्हणाले (अविवाहित मुलीला तिथे फ्रॉइलाइन म्हणत), "दोन उड्डाणं मिळाली आहेत, फ्रॉइलाइन. जमलं तर विषय तुमचा. नाही जमलं तर दुसरं ठिकाण सोडून देऊ आणि तुम्हाला प्रयोगशाळेतला एखादा विषय शोधू."

प्रयोगशाळेतला विषय म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. माझ्या हातात जेमतेम वर्ष होतं. म्हणजे तो विषय मिळणं आणि पदवीशिवाय घरी जाणं, यांत फारसा फरक नव्हता. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ते खिडकीबाहेर बघत बोलले.

मी कामाला लागले. विमानाची पाच मिनिटं ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट होती, हे मला पहिल्या तासातच कळलं. सगळे त्या पाच मिनिटांचं कौतुक करत, पण वेळ जाणार होता तो जमिनीवर. बेटावर मोटारी नव्हत्या. धक्क्यापासून विमानाच्या कुरणापर्यंत घोडागाडीने वीस मिनिटं. मग विमानात चढणं, पेटी बांधणं, उडणं, उतरणं, आणि इकडच्या कुरणापासून बंदराच्या धक्क्यापर्यंत पुन्हा रस्ता.

या शेवटच्या रस्त्यासाठी मला मोटार मिळाली आणि मोटारीबरोबर एक कोल्हापूरकर मिळाला. तो वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात प्रशिक्षण घेत होता. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान होता. रविवारी माझ्याकडे पिठलं-भात खायला येई आणि त्याबदल्यात तक्रारी करी. चार जणांत मिळून त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती.

"काय गं ताई," माझे कागद बघून तो म्हणाला, "पाच मिन्टाचं काम आन् चार पानांची यादी?"

"पाच मिनिटांचं आहे म्हणूनच."

"आणि माझं नाव दुसऱ्या पानावर. पेटीच्या खाली."

"पेटी एकच आहे. ड्रायव्हर दुसरा मिळेल."

"मग पिठलं त्या पेटीलाच घाल," असं म्हणून त्याने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. सुट्टी मात्र त्याने त्याच आठवड्यात टाकली.

पहिला प्रयत्न अमावास्येला होता. हवा छान, वारा नावालाच. वैमानिकाने सकाळी मला पेटीसकट बेटावर सोडलं आणि ठरल्या वेळी कुरणावर येतो म्हणून तो परत गेला. घोडागाडीवाले मला धक्क्यावर घेऊन आले. धक्क्याला लागूनच त्यांचं लाल विटांचं घर होतं आणि पाण्याची उंची दाखवणारी पट्टी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. पेटी लावून झाली, बाटल्या ओळीने मांडून झाल्या, आणि तरी भरपूर वेळ उरला. घोडागाडीवाल्यांच्या पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "आत या, चहा घ्या." माझ्या यादीत चहाला पाव तास होता.

त्या भागातला चहा ही साधी गोष्ट नाही. चिनीमातीचे इवलेसे कप. आधी कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकायचा, त्यावर कडक चहा ओतला की तो तडतडतो, मग कडेने सायीचा थेंब सोडायचा आणि ढवळायचं नाही. मला फार आवडला. मी कप संपवला. बाईंनी काही न विचारता पुन्हा भरला. आमच्याकडे पाहुणी म्हणून गेलं की समोर आलेलं टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी तोही संपवला. त्यांनी पुन्हा भरला. मी मनात म्हटलं, या बाई फारच आग्रहाच्या दिसतात, आता हा संपवला की झालं. तो संपवला, तर चौथा आला.

घोडागाडीवाले समोर बसून होते. मी त्यांच्याकडे बघितलं की ते मान हलवत. मला वाटलं, यांना अजून चहा हवा आहे म्हणून हे उठत नाहीत. ते उठेनात कारण पाहुणी पीत असताना यजमानाने उठायचं नसतं. मी थांबेना कारण कपात चहा होता. बाई थांबेनात कारण कप रिकामा होता. असे आम्ही तिघं एकमेकांचा मान राखत बसलो.

पाचव्या कपाला खिडकीतून पट्टीवर चढलेलं पाणी दिसलं आणि मी अर्ध्यावर उठून धावले. बेटावरची बाटली वेळेत बुडाली. आकडेही चांगले मिळाले. पेटी बंद करून वळून बघते तर गाडी रिकामी आणि घोडा मागच्या कुरणात चरतोय. चहा संपला की जुंपू, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या घोड्याला पकडायला, जुंपायला आणि कुरणापर्यंत न्यायला जो वेळ लागला, त्यात माझी भरती गेली. विमान पाच मिनिटांतच उडून उतरलं, त्याचा काही दोष नव्हता. बंदराच्या धक्क्यावर कोल्हापूरकर पट्टीजवळ उकिडवा बसला होता. तो उठला नाही, नुसतं बोटाने दाखवलं. पट्टीवर वीतभर ओला भाग उघडा पडला होता.

"गेलं, ताई," तो म्हणाला.

मी तरीही बाटली बुडवली आणि आकडे घेतले. उपयोग नाही हे माहीत असूनही घेतले, कारण हात रिकामे ठेवून उभं राहणं मला जमेना.

उड्डाणाच्या त्या पाच मिनिटांत मी वैमानिकाला उशिराचं कारण सांगितलं होतं. तो फारसा बोलणारा नव्हता. उतरताना चाकं गवताला टेकल्यावर म्हणाला, "कपात चमचा ठेवायचा."

"म्हणजे?"

"बास झालं की चमचा कपात ठेवायचा. मग भरत नाहीत. नाहीतर रात्रीपर्यंत भरतील."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं नाही," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

प्राध्यापकांना तोंड दाखवणं भाग होतं. ते उत्तरेकडचेच. मी सरळ सांगितलं, "चहा."

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती कप?"

"पाच."

"तीन पुरेत," ते म्हणाले. मग कॅलेंडरकडे बघून, "एक उड्डाण उरलं आहे."

पुढचं उधाण पौर्णिमेला होतं. मधल्या दिवसांत मी प्रत्येक टप्पा पुन्हा तपासला. चहाला आता मी पूर्ण तास दिला. तो टाळायचा विचार एकदाही केला नाही, कारण त्या घराचाच धक्का आणि त्यांचीच मदत. खरी अडचण घोडा होता. वेळेवर जुंपला तरी त्याची चाल वीस मिनिटांचीच. तिथे वेळ काढायचा तर दुसरं वाहन हवं होतं, आणि बेटावर दुसरं वाहन एकच होतं. सायकल.

आता सायकल म्हटलं की मी पुण्याची. कॉलेजला सायकलने, मंडईत सायकलने, दळण सायकलने, धाकट्या भावाला पुढच्या दांड्यावर बसवून दवाखान्यात सायकलने. साडीत सायकल मारताना पदर कुठे खोचायचा आणि निऱ्या साखळीपासून कशा सांभाळायच्या, हे आमच्या गल्लीतल्या मुलींना शाळा सुटायच्या आधी येत असे. मला नवल वाटलं ते एवढंच की हे पहिल्याच वेळी यादीत कसं आलं नाही. बहुधा परदेशात आल्यावर आपल्याला काय येतं याचा माणसाला विसर पडतो.

या वेळी मी आदल्या दिवशीच बोटीने बेटावर गेले आणि त्याच घरी राहिले. बाईंनी माझं स्वागत असं केलं की मी लाजले. पाच कप पिणारी पाहुणी म्हणून मी गावात प्रसिद्ध झाले होते. "आमच्यासारखा चहा पिते," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मी तीन कप प्यायले आणि चमचा कपात ठेवला. बाईंनी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणी शिकवलं?"

"वैमानिकाने."

"तो?" त्या म्हणाल्या. "तो बोलतो?"

मी त्यांची सायकल मागितली. घोडागाडीवाल्यांना ते जरा लागलं. "माझा घोडा चांगला आहे," ते म्हणाले.

"घोडा उत्तम आहे. पण तो पुण्याचा नाही."

"भारतात बायका सायकल चालवतात?"

"आमच्या गावात पुरुषांना त्यांच्या बाजूने जपून जावं लागतं."

मग त्यांनी सायकल बाहेर काढली, भक्कम, काळी, उंच. मागच्या कॅरिअरवर मी एक लाकडी खोकं दोरीने आवळलं आणि पेटी व बाटल्यांच्या वजनाइतके दगड त्यात भरले. साडीच्या आत लोकरीची पँट, निऱ्या वर खोचलेल्या, पदर कमरेला गुंडाळलेला, वर कोट. टांग टाकली आणि निघाले. छान चालली होती. अंगणाच्या टोकाला वळताना मी सवयीने पायडल अर्धं उलटं फिरवलं. आपल्याकडे ते सगळेच करतात, पाय हवा तसा यावा म्हणून. त्या सायकलचा ब्रेकच उलट्या पायडलमध्ये होता. सायकल जागच्या जागी थांबली आणि मी, खोकं आणि दगड बाईंच्या कोबीच्या वाफ्यात.

घोडागाडीवाल्यांनी मला हात देऊन उठवलं. "घोड्याला असा ब्रेक नसतो," ते अतिशय गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत मी त्या रस्त्याने दगड घेऊन फेऱ्या मारल्या. पाय मागे न्यायचा नाही एवढंच डोक्यात घोळवत. शेवटच्या फेरीला घोड्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला. बाईंनी खिडकीतून हात हलवला.

पौर्णिमेच्या सकाळी उठले तर वारा. पश्चिमेचा, सरळ समुद्रावरून येणारा, गवत लोळवणारा. चहा झाला, चमचा झाला, पेटी धक्क्यावर लागली, सायकल भिंतीला टेकून तयार. भरतीच्या छापील तक्त्यातली वेळ जवळ आली. मी पट्टीवर डोळा ठेवला. वेळ झाली. पाणी चढतच होतं.

पाच मिनिटं गेली. तरी चढतच होतं. वारा पाण्याला रेटत होता, म्हणून पाणी जास्त येणार आणि उशिरा थांबणार, हे स्पष्ट होतं. बाटली आत्ता बुडवली तर वेळ तक्त्याप्रमाणे बरोबर ठरली असती, पण आकडे भरतीच्या माथ्याचे नसते. नाही बुडवली, तर कुरणावर वैमानिक उभा. त्याने आधीच बजावलं होतं की वारा असला तर तो ठरल्या वेळेनंतर फार थांबणार नाही, विमान हलकं आहे. आणि विमान गेलं की माझा विषय गेला.

घोडागाडीवाले शेजारी येऊन उभे राहिले. पट्टीकडे बघून म्हणाले, "अजून यायचंय."

"किती वेळ?"

"ते पाणी सांगेल."

"वैमानिक थांबेल?"

त्यांनी कुरणाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "घोडा जुंपलेला आहे." त्यांनी तो सकाळपासून जुंपूनच ठेवला होता, मी सायकलने जाणार हे माहीत असूनही. "मी पुढे जाऊन त्याला धरून ठेवतो. तुम्ही तुमचं करा." आणि ते गाडीत चढून निघाले. एरवी सावकाश चालणारा तो घोडा मी त्या दिवशी दुडक्या चालीने जाताना पाहिला.

मी थांबले. इकडे पाणी उशिरा येतंय तर समोरच्या बंदरातही उशिराच येणार, असं मी स्वतःला सांगितलं. हिशेब बरोबर होता, तरी मी तो वहीच्या कडेला पुन्हा एकदा मांडून बघितला. बाई कोटाची कॉलर धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी मला चहा विचारला नाही, यावरूनच प्रसंग त्यांना कळला होता हे मी समजले.

आणि मग पाणी थांबलं. पट्टीवर एक रेघ धरून नुसतं हलत राहिलं. मी बाटली सोडली, वर घेतली, पेटीचा काटा स्थिर होऊ दिला, आकडा लिहिला, पुन्हा एकदा घेतला, तोही जुळला. पेटी खोक्यात, बाटल्या खोक्यात, दोरीची गाठ, टांग.

वारा पाठीवर होता. दोन वर्षं मी त्या देशातल्या वाऱ्याला नावं ठेवत आले होते, त्या दिवशी तो माझ्या बाजूने आला. कोट शिडासारखा फुगला. विटांचा रस्ता, दोन्हीकडे गवत, बांधावरच्या मेंढ्या माना वळवून बघतायत, आणि पायांना काही काम नाही, फक्त एकच, मागे जायचं नाही. वळणावर जुन्या सवयीने डावा पाय कुरकुरला. मी त्याला पुढेच ढकललं. कुरण दिसलं, विमानाचा पंखा फिरताना दिसला, आणि विमानाच्या नाकासमोर घोडागाडी आडवी लावून आमचे यजमान बसलेले दिसले. घोडा शांतपणे गवत खात होता. मी जवळ पोहोचले आणि आता मात्र पायडल मुद्दाम मागे दाबलं. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"हा म्हणतो की मी हलत नाही," घोडागाडीवाल्यांनी वैमानिकाकडे बोट दाखवून मला सांगितलं.

"आणि हलला नाहीच," वैमानिक म्हणाला. "चढा."

विमान उडालं आणि लगेच बाजूला ढकललं गेलं. पेटी मी मांडीवर धरली होती. वैमानिक नाक वाऱ्याकडे तिरकं धरून चालला होता, त्यामुळे खिडकीतून मला पुढचंही दिसत होतं. मागे बेटाचा धक्का, पुढे बंदर, मधे राखाडी पाणी चमकतंय. चिखलाचा एक ठिपका उघडा नव्हता. बंदराच्या खाडीत पाणी अगदी गवतापर्यंत आलेलं होतं. ते बघून मला मोठ्याने काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण त्या दिवशी वाऱ्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं, म्हणून मी नुसती वैमानिकाच्या खांद्यावर थाप मारली. त्याने विमान उतरवलं आणि म्हणाला, "जा, जा."

कोल्हापूरकराने गाडी कुरणाच्या फाटकात, इंजिन चालू, दार उघडं अशी ठेवली होती. मी बसायच्या आतच त्याने ती सोडली.

"पाणी?" मी विचारलं.

"चढतंय. निघालो तवा चढत होतं. माझं डोकं फिरलं, ताई. तुझ्या कागदावर लिवलंय अमुक वाजता थांबेल, आन् हे थांबतच न्हाई. मला वाटलं पट्टी बिघडली."

"बिघडली नाही."

"आता कळलं. घामाघूम झालो की इथं थंडीत."

धक्क्यावर पोहोचलो. पाणी अजून चढत होतं, अगदी हळू. मी पेटी मांडली, बाटल्या मांडल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की मला वाट बघायची आहे. मी आधी पोहोचले होते. इतकी धावपळ करून शेवटी धक्क्याच्या कठड्याला टेकून आम्ही दोघं पाणी थांबायची वाट बघत उभे होतो. त्याने खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली. आम्ही दाणे खाल्ले. पाण्याने पट्टीवरची एक रेघ धरली. मी बाटली सोडली.

दुसरा आकडा मिळाल्यावर मी पेटी बंद केली, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. कोल्हापूरकर म्हणाला, "झालं?"

"झालं."

"काहीतरी म्हण की. ओरड तरी."

"भूक लागलीये," मी म्हटलं. त्या दुपारी बंदरावरच्या दुकानात मी तळलेल्या माशाचे दोन पाव एकापाठोपाठ खाल्ले, आणि मी घरची शाकाहारी होते.

सोमवारी मी आकडे प्राध्यापकांसमोर ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी भरतीचा छापील तक्ता काढला आणि पेन्सिलचं टोक त्या दिवसावर ठेवलं. "बेटावरचा नमुना तुम्ही तक्त्यातल्या वेळेनंतर घेतला आहे. बऱ्याच नंतर."

"हो."

"विमान थांबणार नव्हतं, असं ऐकलं."

"पाणी थांबलेलं नव्हतं," मी म्हटलं. "मला थांबलेलं पाणी हवं होतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ज्याचं काम फुकट गेलं होतं त्या विद्यार्थ्याचे कागद त्यांच्या मागच्या कपाटात होते. त्यांनी तिकडे एकदा वळून बघितलं. "गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणूस हा शब्द दिवसातून पन्नासदा बोलतो, पण आमचे प्राध्यापक जपून वापरत. "दुसरं ठिकाण राहील. उरलेल्या सगळ्या उधाणांसाठी विमानाची मंजुरी मी आणतो. तुम्ही तारखा द्या."

मी तारखा तिथेच दिल्या. त्या माझ्याकडे तयार होत्या.

त्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मी ते पाणी इतक्यांदा ओलांडलं की बेटावरच्या मेंढ्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. दोन-तीनदा धुक्याने विमान उडालं नाही. एकदा सायकलची साखळी तुटली आणि घोड्यानेच वेळ सांभाळली. बाकी सगळे आकडे जोडीने मिळाले. प्रबंध तिसरं वर्ष संपायच्या आत छापायला गेला आणि मला वडिलांकडे चौथं वर्ष मागावं लागलं नाही.

माझ्या शेवटच्या महिन्यांत संस्थेत किनाऱ्यावर मोजमापं करायला नवी मुलं यायला लागली. उंच, घाईची, हातात तक्ते घेतलेली मुलं. ती प्राध्यापकांना विचारायची, बेटापासून बंदरापर्यंत किती वेळ धरायचा. माझ्या वहीतली ती ओळ अजून रिकामीच होती, कारण उत्तर दर भरतीला वेगळं यायचं. प्राध्यापक त्यांना दारातूनच माझ्या टेबलाकडे पाठवायचे. "तिकडे त्या बाई बसल्या आहेत ना," ते म्हणत, "त्या सांगतील तेव्हा निघा."